खाटा वाढवा म्हणताना इमारतीकडेही बघा

तालुक्याच्या ठिकाणी आपण काढलेल्या कुठल्याही मोर्चाचे निवेदन उघडून बघा. घरकुलाचे थकलेले हप्ते, शिष्यवृत्ती, स्मशानभूमीची जागा, आणि त्याखाली कुठेतरी एक ओळ हमखास असते : ‘ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करण्यात यावे.’ मागणी रास्त आहे. शेतमजूर, सफाई कामगार, ऊसतोडीवरून परतलेली बाळंतीण, या सगळ्यांना खासगी दवाखान्याचे दार परवडत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांमध्ये घातले आहे, तेव्हा ३० खाटांच्या जागी १०० खाटा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

अशा निवेदनांवर मीही सह्या केल्या आहेत. पण माझा पेशा इमारतींचे गणित मांडण्याचा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्यामुळे ती ओळ वाचली की मला पुढचा प्रश्न पडतो, आणि तो निवेदनात कधीच नसतो. वाढलेल्या खाटा ठेवणार कुठे? ‘आहे त्याच इमारतीवर एक मजला चढवू’ असे उत्तर असेल, तर ती इमारत तो मजला पेलेल का, हे कोणी तपासले आहे?

हा प्रश्न इंजिनिअरचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण इमारत खचली तर तिच्याखाली कोण असेल हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना आणि विशेषतः सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री करणाऱ्या मुलामुलींना या विषयाची तोंडओळख असावी, एवढ्यासाठी हा लेख. सुरुवात भुजपासून करतो.

२६ जानेवारी २००१. प्रजासत्ताक दिनाची सकाळ, ८ वाजून ४६ मिनिटे. कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तेरा हजारांहून जास्त माणसे गेली, लाखाहून अधिक जखमी झाली. आणि जिल्ह्यातल्या जखमींना जिथे न्यायचे ते भुजचे मुख्य सरकारी रुग्णालयच कोसळले. आत रुग्ण होते, कर्मचारी होते. ज्या डॉक्टरांनी हजारो लोकांना वाचवायचे त्यांच्याकडे छप्पर उरले नाही, शस्त्रक्रियागृह उरले नाही, रक्तपेढी उरली नाही. जुबिली मैदानावर उघड्यावर जखमी आणून ठेवले गेले आणि तिथेच उपचार सुरू झाले. लष्कराची वैद्यकीय पथके आणि पुढे रेड क्रॉसचे तंबूतले रुग्णालय यांवर शहराला दिवस काढावे लागले.

राहत्या घरात आणि रुग्णालयात फरक काय, तो भुजने दाखवला. भूकंपात घराला तडे गेले, ते पुढे पाडावे लागले, तरी आतली माणसे जिवंत बाहेर आली तर इंजिनिअर म्हणतो की घराने आपले काम केले. रुग्णालयाला ही सवलत नाही. हादरा थांबल्यावर पुढच्याच मिनिटाला तिथे दिवे लागले पाहिजेत, ऑक्सिजन आला पाहिजे, लिफ्ट चालली पाहिजे, कारण त्याच मिनिटापासून दारात गर्दी सुरू होते. म्हणून भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस १८९३ मध्ये, इमारतीच्या महत्त्वानुसार एक गुणक ठेवला आहे. साध्या घरासाठी तो १, रुग्णालयासाठी १.५. म्हणजे शेजारच्या घरापेक्षा दीडपट आडवा धक्का धरून रुग्णालयाचे डिझाइन करायचे. गावातल्या ठेकेदाराने ‘साहेब, माझा बंगला याच सळईत उभा आहे’ असे सांगितले तर त्याला हा आकडा सांगावा.

भुजचे नवे रुग्णालय २००४ मध्ये उभे राहिले. तीनशे खाटांची ही इमारत आपल्या देशातले एक वेगळेच बांधकाम आहे. ती थेट पायावर उभी नाही. पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबर आणि पोलादाच्या थरांच्या, मधोमध शिशाचा गाभा असलेल्या ठोकळ्यासारख्या बेअरिंग बसवल्या आहेत. शिशाच्या बेअरिंगचे हे तंत्र न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाले. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई डोके आणि हंडा यांच्यामध्ये चुंबळ ठेवते, पावलांचे हिसके चुंबळीत जिरतात आणि पाणी हिंदकळत नाही. बेअरिंगचे काम साधारण तसेच. जमीन झपाट्याने मागेपुढे हलते, रबर लवचीकपणे आडवे ताणले जाते, शिसे त्यातली ऊर्जा खाऊन टाकते, आणि वरची इमारत त्या मानाने संथपणे डुलते. इमारत संथ डुलली की भिंती तडकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे आतली यंत्रे, कपाटे, नळ्या जागच्या जागी राहतात.

याची किंमत असते. बेअरिंग तपासायला आणि बदलायला इमारतीखाली माणूस शिरेल एवढी जागा ठेवावी लागते. इमारतीभोवती चारी बाजूंनी मोकळी फट ठेवावी लागते, कारण ती डुलणार आहे. पाण्याच्या, मलनिस्सारणाच्या, ऑक्सिजनच्या नळ्या त्या फटीवरून जाताना लवचीक सांध्यांनी जोडाव्या लागतात. आणि दहा वर्षांनी कुणी येऊन त्या फटीत पायऱ्या, टपरी किंवा नवा ब्लॉक चिकटवून बांधला, तर सगळा खर्च वाया. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला बेअरिंग लावा असे माझे म्हणणे नाही. आपल्या बहुतेक भागात नेहमीचे आरसीसी बांधकाम मानकाप्रमाणे, प्रामाणिकपणे केले तरी पुष्कळ आहे. अडचण त्या ‘प्रामाणिकपणे’ शब्दात आहे.

इमारत उभी राहिली म्हणजे रुग्णालय चालू राहिले, असेही नाही. याचे उदाहरण अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परगण्यातले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय. फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात ही नवीकोरी इमारत इतकी वाकली की पुढे पाडून टाकावी लागली. खालचे मजले कमकुवत, वरचे भिंतींनी ताठ, त्यामुळे सगळी विकृती खालच्या कॉलमांवर आली. जिन्यांचे मनोरे इमारतीपासून सुटून आडवे झाले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने रुग्णालयांच्या भूकंपसुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला, तो १९७३ पासून लागू आहे. त्याच जागी नवे रुग्णालय भक्कम पोलादी भिंतींचे बांधले. जानेवारी १९९४ मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला. सांगाडा खणखणीत उभा राहिला. पण आग विझवण्याच्या आणि थंड पाण्याच्या नळ्या फुटल्या, मजल्यांवर पाणी साचले आणि रुग्णांना बाहेर काढून दुसरीकडे हलवावे लागले. तेवीस वर्षांत एकाच पत्त्यावरची दोन रुग्णालये बंद पडली : पहिले कॉलममुळे, दुसरे नळीमुळे.

आपल्याकडे या दुसऱ्या भागाचा विचार जवळजवळ होत नाही, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर साठ-सत्तर किलोचा असतो. तो भिंतीला साखळीने बांधलेला आहे का? औषधांची रॅक भिंतीला अँगलने पकडली आहे का? जनरेटरच्या बॅटऱ्या फळीवर मोकळ्या ठेवल्या आहेत का? एका सुताराचे आणि एका वेल्डरचे दोन दिवसांचे हे काम आहे.

आता घरी येऊ. महाराष्ट्राला भूकंपाचे काय, असे विचारणाऱ्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत नसावी. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो लोक झोपेत दगडमातीच्या भिंतींखाली गेले. त्यानंतर २००२ मध्ये मानक बदलले, सर्वांत खालचा पट्टा रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. कोयनेचा परिसर तर १९६७ च्या भूकंपापासून वरच्या धोक्यात धरला जातो. याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मराठवाड्यातली जी सरकारी इमारत त्याआधीची आहे, ती आजच्यापेक्षा कमी आडवा जोर धरून डिझाइन झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्यावर आज मजला चढवायचा तर हिशेब आजच्या मानकाने, आणि फक्त नव्या मजल्याचा नाही, पायापासून सबंध इमारतीचा करावा लागतो.

मजला चढवणे लोकांना सोपे वाटते याचे एक कारण गच्चीवर दिसते. जुन्या इमारतींच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या असतात. ‘पुढे मजला घ्यायची सोय करून ठेवली आहे’ असे सगळे सांगतात. त्या सळया फार तर बांधणाऱ्याची इच्छा सांगतात. पाया त्या मजल्यासाठी घातला होता का, हे त्या सांगत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या रुग्णालयात मी अशीच पाहणी केली. नाव सांगत नाही, कारण अशी अनेक आहेत. दोन स्लॅबची इमारत, वर तिसरा टाकायचा, निधी आलेला. गच्चीवरच्या सळयांना दोऱ्या बांधून वॉर्डातल्या चादरी वाळत घातल्या होत्या. सळया गंजून त्यांचे पापुद्रे हाताने निघत होते. मूळ नकाशे कुठल्याच कार्यालयात मिळाले नाहीत. शेवटी एका कॉलमच्या बाजूने खड्डा घेतला, तर खाली चार फूट बाय चार फुटांचे फुटिंग निघाले. आता साधा हिशेब. आरसीसी इमारतीचा एक मजला, माणसे-सामान धरून, दर चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा टन जड असतो. त्या कॉलमवर सोळा चौरस मीटरचा भाग येत होता, म्हणजे दोन मजल्यांचे मिळून पस्तीस टनांच्या आसपास. फुटिंगचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. खालच्या मुरमावर आताच दर चौरस मीटरला तेवीस-चोवीस टन येत होते. तिथल्या मुरमाला पंचवीसच्या वर देणे धोक्याचे. तिसरा मजला आला की हा आकडा पस्तिसावर जाणार होता. इमारत दुसऱ्या दिवशी पडली नसती, पण ती असमान खचायला लागली असती, भिंती तडकल्या असत्या, आणि एखाद्या हादऱ्याने काय केले असते ते सांगता येत नाही.

मी ‘नको’ लिहून दिले. आपलेच कार्यकर्ते चिडले. ‘तुम्ही आपले असून आडवे येता,’ असे एकाने तोंडावर सांगितले. निधी परत जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पुढे मागच्या मोकळ्या जागेत वेगळा ब्लॉक घेण्याचे ठरले, त्यात वेळ गेला, आणि तेवढा काळ बायका जमिनीवर गाद्या टाकून बाळंत होत राहिल्या. हे मी विसरलेलो नाही. तरीही पुन्हा विचारले तर तेच लिहीन.

वजनाशिवाय आडव्या जोराचाही हिशेब आहे आणि तो जास्त फसवा आहे. दोन मजली इमारतीवर तिसरा मजला चढला की वजन दीडपट होते. पण भूकंपात इमारत जितकी उंच तितकी वर जास्त झोलते, त्यामुळे पायाशी येणारी उलथवणारी पिळवणूक दीडपट न राहता दुपटीहून जास्त होते. हा भार कॉलम आणि बीम यांच्या सांध्यांवर येतो. जुन्या बांधकामात तिथल्या रिंगा विरळ असतात आणि त्यांची टोके नुसती काटकोनात दुमडलेली असतात. जोराचा धक्का बसला की वरचे काँक्रीट सुटते, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. म्हणून भूकंपासाठीच्या मानकात रिंगेचे टोक आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायला सांगितले आहे आणि सांध्याजवळ रिंगांमधले अंतर चार इंचांच्या आत ठेवायला सांगितले आहे. हे दोन मुद्दे काँक्रीट ओतण्याआधी कुणालाही डोळ्यांनी दिसतात. सेंट्रिंग झाल्यावर, सळया बांधून झाल्यावर, हातात टेप घेऊन जा. त्याला पदवी लागत नाही.

गच्चीचा स्लॅब आणि मजल्याचा स्लॅब या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. वापरातल्या वजनांचे मानक आयएस ८७५ आहे. त्यात वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १५० किलो धरायचे, वॉर्डासाठी २००, बाह्यरुग्ण विभागासाठी २५०, स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळेसाठी ३००, रुग्णालयाच्या कॉरिडॉर-जिन्यासाठी ४००, यंत्रांच्या खोलीसाठी ५००. म्हणजे जी गच्ची दीडशे किलोच्या हिशेबाने बांधली तिच्यावर कॉरिडॉर आला तर वापराचे वजन अडीच पटीहून जास्त झाले. आपल्या काही ठिकाणी समाजमंदिरावर किंवा विहाराच्या सभागृहावर मजला घेऊन मोफत दवाखाना सुरू करण्याचे बेत चालू असतात. भावना चांगली आहे. पण सभागृहात मधे कॉलम नसतात, लांब गाळ्याचा स्लॅब केवळ छप्पर म्हणून टाकलेला असतो. त्यावर भिंती, संडास आणि पाण्याची टाकी आणण्याआधी स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या स्ट्रक्चर विभागाला पत्र द्या.

पाण्याचेच बघा. शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयात दर खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरतात, त्याहून मोठ्या रुग्णालयात ४५०. तीस खाटांच्या शंभर झाल्या की रोजची गरज दहा हजार लिटरवरून चौतीस हजारांवर जाते. एक दिवसाचे पाणी गच्चीवर साठवायचे ठरले तर जवळपास २४ टनांची भर, म्हणजे भरलेला दहाचाकी ट्रक गच्चीवर नेऊन उभा केल्यासारखे. श्रेणीवर्धनाच्या बातमीत खाटांचा आकडा छापून येतो. या ट्रकाचा कधी येत नाही. ऑक्सिजनची टाकीही अशीच जड. दहा हजार लिटर द्रव ऑक्सिजनचे वजन अकरा टनांहून अधिक भरते, टाकीचे पोलाद वेगळे. तिच्यासाठी जमिनीवर स्वतंत्र काँक्रीटचा पाया लागतो आणि टँकर वळायला जागा लागते. एमआरआयला जड यंत्र पेलणारी आणि थरथर न पोचणारी जमीन हवी. कर्करोगाच्या किरणोपचाराच्या खोलीच्या भिंती तर दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या असतात. अशी खोली जुन्या इमारतीत ‘बसवता’ येत नाही. तिची जागा पहिल्या दिवशीच्या नकाशात ठेवावी लागते.

बाजूला वाढवणे वर चढवण्यापेक्षा बरे, पण त्यातही खोड्या आहेत. जुनी इमारत गेल्या वीस वर्षांत जेवढी बसायची तेवढी बसलेली असते. नवी आत्ता बसणार. दोघींना एकमेकींत बांधून टाकले की सांध्यावर तडा जातो. म्हणून मधे फट ठेवायची आणि नवी इमारत स्वतःच्या कॉलमांवर उभी करायची. भूकंपात दोन्ही वेगवेगळ्या तालात डुलतात, फट कमी पडली तर एकमेकींवर आदळतात. एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मधोमध येत असेल तर तो कॉलम मोडू शकतो, त्यामुळे मजल्यांच्या उंच्या जुळवून घ्याव्यात. फट किती हवी हे इमारतींच्या उंचीवरून आणि डुलण्यावरून काढतात, दोन-तीन मजल्यांना ती काही इंचांची असते. कागदावर ती असते. प्रत्यक्षात काम संपताना ठेकेदाराची माणसे तिच्यात राडारोडा भरून वरून टाइल मारतात, कारण स्ट्रेचरची चाके अडकतात अशी तक्रार येते. त्यावर सरकणारी धातूची पट्टी हा साधा उपाय आहे, तो अंदाजपत्रकात लिहिलेला हवा.

विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हलकी, एकमजली उपकेंद्रे तिच्यावर वर-खाली होतात, दारे घासायला लागतात, पायऱ्या सुटतात. अशा मातीसाठी खाली फुगीर बुंध्याचा पाइल रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने कितीतरी आधी विकसित केला आहे. तो साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जातो, जिथे ओल वर्षभर सारखी राहते. पण आधी मातीची तपासणी झाली पाहिजे. आणि रुग्णालयाच्या मागे शौचालयाचे पाणी मुरत असेल तर कितीही चांगला पाया त्रास देईल, हे मी अनुभवाने सांगतो. कोकणात मातीऐवजी खारी हवा शत्रू असते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. त्यावर प्लास्टर मारून रंग दिला की पाहणीच्या दिवशी भिंत सुंदर दिसते.

या सगळ्यात सर्वांत अवघड गोष्ट इंजिनिअरिंगच्या पुस्तकात फारशी नसते. रुग्णालय बंद ठेवता येत नाही. शाळेला सुट्टी देता येते, प्रसूतिगृहाला देता येत नाही. जुन्या कॉलमना बाहेरून काँक्रीटचे जाकीट घालायचे तर फरशी फोडावी लागते, पायापर्यंत खणावे लागते. एक फुटाचा कॉलम चारी बाजूंनी चार इंच वाढला की आठ फुटांचा कॉरिडॉर अरुंद होतो आणि समोरासमोर येणारे दोन स्ट्रेचर अडतात. ब्रेकरचा आवाज आणि थरथर शेजारच्या नवजात बालकांच्या कक्षात जाते. फोडकामाच्या धुळीतून येणारे बुरशीचे कण भाजलेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात गेले तर ते जिवावर बेतते. म्हणून काम टप्प्यांत करायचे, कामाचा भाग छतापर्यंत बंद करायचा आणि धूळ बाहेर खेचणारे पंखे लावायचे. निविदेत या गोष्टींसाठी पैसे नसतील तर ठेकेदार हिरवी जाळी लावून मोकळा होतो.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत अकरा जण गेले. खाटा आणि यंत्रे वाढतात तसा विजेचा भार वाढतो, हे आता लोक बोलू लागले आहेत. इमारतीच्या अंगाने आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. नव्या नळ्या-केबलसाठी स्लॅबला पाडलेली भोके बंद केली नाहीत तर धूर त्यातून धुराड्यासारखा वरच्या वॉर्डात चढतो. आणि नवा ब्लॉक नेमका त्या मोकळ्या जागेत येतो जिथून अग्निशमनची गाडी मागच्या बाजूला पोचणार होती.

मग कार्यकर्त्याने करायचे काय, आणि कधी? सरकारी कामाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. प्रशासकीय मान्यतेची बातमी येते तेव्हा आपण पेढे वाटतो आणि पुढच्या मोर्चाला लागतो. लक्ष ठेवण्याची खरी वेळ पहिल्या आणि दुसऱ्या मान्यतेच्या मधली आहे, कारण त्या काळात नकाशे आणि अंदाजपत्रक ठरते, आणि बदल कागदावर करता येतो. रुग्ण कल्याण समितीत आपला सदस्य असेल तर त्याने बैठकीच्या इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्यावेत. नसेल तर माहितीचा अधिकार आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करायचा, उत्तर तीस दिवसांत यायला हवे. मागायचे एवढेच : इमारतीच्या मूळ संरचना नकाशांच्या प्रती, जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, काँक्रीटच्या गाभ्याचे नमुने काढून केलेल्या चाचणीचे निकाल, माती तपासणीचा अहवाल, आणि वाढीव मजल्यासह सबंध इमारतीचे डिझाइन कोणत्या वर्षाच्या मानकाने तपासले त्याची नोंद. काम चालू झाल्यावर दर स्लॅबच्या काँक्रीट ठोकळ्यांचे अठ्ठावीस दिवसांचे निकालही मागता येतात.

बऱ्याचदा पहिल्या मुद्द्यावर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. त्यावर चिडून अर्ज फाडू नका. ते उत्तर सहीशिक्क्यासह जपून ठेवा आणि त्याची प्रत जोडून तांत्रिक मान्यता देणाऱ्या अभियंत्याला पत्र द्या की मूळ नकाशे नसलेल्या इमारतीवर मजला प्रस्तावित आहे, तरी किमान चार कॉलमांजवळ पाया उघडून पाहावा आणि त्याचा पंचनामा करावा. खड्डा घेतील त्या दिवशी तिथे हजर राहा, फुटिंगचे माप स्वतः टेपने घ्या आणि माती परत लोटण्याआधी फोटो काढा.